पाण्याकाठचा आबालाल

१८७४ हे साल चित्रकलेच्या इतिहासात पॅरिसच्या नावावर मांडले जाते. त्या वर्षी १५ एप्रिलला बुलेव्हार द कॅप्युसीन या हमरस्त्यावर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, मोने, रेन्वार, पिसारो, सिसले आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन भरवले. सरकारमान्य 'सालोन'च्या परीक्षकांनी त्यांची चित्रे वारंवार नाकारली होती. दहा दिवसांनी लुई लरुआ या टीकाकाराने मोनेच्या ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाच्या चित्राचे नाव धरून सगळ्यांचीच खिल्ली उडवली आणि त्या खिल्लीतूनच पंथाचे बारसे झाले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो.

त्याच साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, आर्नो नदीच्या काठी, कोल्हापूरच्या एका राजाची छत्री उभी राहिली. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. आर्नोला एक लहान नदी मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तिथल्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. याच मँटनी कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडाही आखला.

आणि त्याच साली, २६ जूनला, कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव नावाचा मुलगा जन्मला. दहा वर्षांनी तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला.

पॅरिसच्या प्रदर्शनाचा कोल्हापूरला तेव्हा पत्ताही नव्हता. पण पाण्यावरचा प्रकाश रंगात पकडण्याचे जे वेड सीन नदीच्या काठी लागले, तेच वेड पुढे पंचगंगा, रंकाळा आणि कोटितीर्थाच्या काठी एका माणसाला लागले. त्याचे नाव आबालाल रहिमान. १८७४ मध्ये तो चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता.

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्यांचे. छापखाने आले तरी हाताने लिहिलेल्या, सोनेरी-निळ्या वेलबुट्टीने सजवलेल्या प्रतीचा मान मोठा असे. अशा घरात मुलाच्या हातात कलम लवकर येते. बोरूचा दाब किती, शाई कुठे संपते, कोऱ्या कागदाचा किती भाग मोकळा ठेवायचा, हे त्याला अक्षरओळखीबरोबरच कळू लागते. आबालालांना फार्सी-अरबी येत होती आणि थोडेफार इंग्रजी शिक्षणही झाले होते. त्यांचे चरित्र सांगणारे एक हकीकत आवर्जून सांगतात. कोल्हापूरच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या पत्नीला भाषा शिकवण्याच्या निमित्ताने या घराचा रेसिडेन्सीशी संबंध आला, त्या बाईंनी मुलाची चित्रे पाहिली आणि मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची खटपट केली. तपशील थोडे इकडेतिकडे होतात, पण वाट हीच. १८८० च्या सुमारास आबालाल मुंबईत दाखल झाले.

तेव्हाचे जे. जे. म्हणजे जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली, इंग्लंडच्या शिस्तीत वाढलेली शाळा. जॉन ग्रिफिथ्स तिथे कर्ते होते. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून महिनेमहिने छायाप्रकाशाचा अभ्यास करायचा, मग जिवंत माणसाकडे वळायचे, हा क्रम. ग्रिफिथ्स यांचे मोठे काम अजिंठ्याचे. १८७२ पासून तेरा-चौदा वर्षे ते विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत होते. त्या नकला लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला लागलेल्या आगीत त्यांतल्या पुष्कळशा जळाल्या. आबालाल विद्यार्थी असतानाच ही बातमी शाळेत आली असणार.

आबालाल या शिस्तीत मनापासून रुळले. त्यांनी केलेले पेन्सिलीचे आणि कोळशाचे अभ्यास जे. जे.ने जपून ठेवले. १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळी हे पदक म्हणजे मुंबईत बस्तान बसवण्याचा परवानाच. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. पारशी शेटजी, गोरे अधिकारी, संस्थानिक यांच्याकडून व्यक्तिचित्रांची मागणी वाढत होती. राजा रविवर्मा यांचे नाव तर देशभर झाले होते. आबालालांपुढे ताट वाढलेले होते. ते उठले आणि कोल्हापूरला परतले.

तेव्हा कोल्हापूरला रेल्वेही नव्हती. मिरजेहून येणारा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला.

फ्रान्समध्ये जे घडले त्यात रेल्वेचा वाटा मोठा होता. पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनातून गाडीत बसले की पाव तासात आर्जंतय गाठता येई. तिथे मोने १८७१ पासून सात वर्षे राहिला आणि एका नावेचाच स्टुडिओ करून सीनच्या पात्रात चित्रे काढत बसला. दुसरी गोष्ट रंगाच्या नळीची. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाची, दाबून रंग काढायची नळी शोधली. तोपर्यंत तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावा लागे. तो वाळे, फुटे, सांडे. नळी आली आणि चित्रकार घराबाहेर पडला. तिसरी गोष्ट शहराची. जुने पॅरिस पाडून ओस्मान या प्रशासकाने रुंद रस्ते आणि नदीकाठचे नवे धक्के बांधले होते. रेन्वारने १८७२ मध्ये पाँ नफ हा सीनवरचा जुना पूल रंगवला, त्याची आठवण त्याचा भाऊ एडमाँ सांगत असे. रेन्वार एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर बसला होता. एडमाँ पुलावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून 'किती वाजले?' असे विचारायचा. माणूस खिशातले घड्याळ काढून पाहीपर्यंत वर रेन्वारची रेघ पुरी झालेली असायची.

कोल्हापुरात यातले काहीच नव्हते. आगगाडीत बसून गाठायची नदी नव्हती, कारण नदी गावाला लागूनच होती. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त मानलेली. शहराच्या वायव्येला ब्रह्मपुरीच्या टेकडीपाशी तिचा घाट आहे. काळ्या कातळाच्या पायऱ्या, दीपमाळा, लहानमोठी देवळे आणि राजघराण्यातल्यांच्या समाधीच्या छत्र्या. ही ब्रह्मपुरी किती जुनी, ते १९४५-४६ च्या उत्खननात कळले. तिथे सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती भूमध्य समुद्राकडून व्यापाऱ्यांबरोबर आलेली होती. रंकाळा तलाव पश्चिमेला. त्याच्या काठाशी संध्यामठाचा दगडी मंडप पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येतो. आणि शहराच्या पूर्वेला कोटितीर्थ. आबालालांनी आपले बिऱ्हाड मांडले ते या कोटितीर्थाच्या आसऱ्याला.

रंगांच्या बाबतीतही त्यांची तऱ्हा निराळी होती. विलायती रंग महाग होते आणि दूरच्या मुंबईतून आणावे लागत. आबालाल झाडपाला, माती आणि दगड यांपासून रंग करत, असे त्यांना पाहिलेली मंडळी सांगत आली. कुराणाच्या प्रती सजवणाऱ्या घरातल्या माणसाला रंग खलणे नवे नव्हते. शाई-रंग घरीच करायचे हा त्या धंद्याचा रिवाजच होता.

१८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला आणि आबालालांना आश्रय मिळाला. महाराजांच्या गुणग्राहकतेबद्दल नव्याने काय लिहायचे? अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारचे गायक होते. खासबागेचे कुस्तीमैदान त्यांनीच बांधले. आबालाल दरबारचे चित्रकार झाले. महाराजांना शिकारीचा आणि जनावरांचा नाद, तेव्हा तशी चित्रेही आबालालांनी काढली. पण या आश्रयाची खरी किंमत वेगळ्या ठिकाणी दिसते. दरबारी चित्रकाराला बहुधा दरबारच रंगवावा लागतो. सिंहासन, दागिने, जरीचा अंगरखा यांतच त्याचे आयुष्य जाते. आबालाल मात्र वर्षानुवर्षे तळ्याकाठी बसून पाणी रंगवू शकले. हे त्यांना करू देणारा राजा होता म्हणून. पॅरिसच्या मंडळींना ड्युराँ-र्युएल नावाचा व्यापारी भेटला. त्याने कर्ज काढून त्यांची चित्रे घेतली आणि शेवटी ती अमेरिकेत खपवली. आबालालांना बाजार नव्हता. त्यांचा सगळा भार एका माणसावर होता.

आता चित्रांकडे वळू. आबालालांच्या निसर्गचित्रांत रंकाळ्याचा संध्यामठ सर्वांत गाजलेला. कोटितीर्थ त्यांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा काढले. जे. जे.मध्ये शिकलेल्या माणसाला काळा दगड काळा-करडा रंगवायला शिकवलेले असते. उजेडाची बाजू फिकी, सावलीची गडद, आणि मध्ये सफाईने मिसळलेले रंग. आबालालांनी ही सफाई सोडली. त्यांच्या पाण्यात आणि झाडीत रंग लहान लहान फटकाऱ्यांनी, ठिपक्यांनी शेजारी शेजारी येतात. हिरव्याला लागून जांभळा, जांभळ्याला लागून पिवळा. जवळून पाहिले तर कागदावर नुसते रंगाचे तुकडे दिसतात. चार पावले मागे सरकले की पाणी हलायला लागते.

ओला कातळ पाहिला आहे त्याला हे पटेल. सह्याद्रीचा दगड कोरडा असताना करडा असतो, पण पावसाने भिजला आणि वर आभाळ फाटून ऊन पडले की त्यात निळा, जांभळा, कधी शेवाळी हिरवा असे रंग उजळतात आणि तेही टिकतात पाच-दहा मिनिटे. ऊन हलले की रंग गेले. अशा वेळी रंग खलून, मिसळून, घासून लावायला सवड नसते. दिसला तसा लावायचा आणि पुढच्याकडे जायचे. तुटक फटकाऱ्याची पद्धत पाण्याकाठी बसणाऱ्याला कामाच्या गरजेतूनच सुचते. मोनेलाही ती तशीच सुचली होती.

म्हणून आबालालांना 'कोल्हापूरचा मोने' म्हणण्याची जी हौस आहे, ती मला पटत नाही. त्यांचा मोठेपणा फ्रेंच चित्रकाराच्या सावलीत उभा करायची गरज नाही. जे. जे.च्या अभ्यासक्रमात दृक्प्रत्ययवादाला जागा नव्हती. पॅरिसच्या मंडळींचे आठवे आणि शेवटचे प्रदर्शन १८८६ मध्ये झाले तेव्हा आबालाल मुंबईत पुतळ्यांवरच्या सावल्या गिरवत होते. युरोपातल्या नव्या चित्रकलेचे वारे मुंबईत खऱ्या अर्थाने वाहिले ते वॉल्टर लँगहॅमर आल्यावर. नाझींमुळे व्हिएन्ना सोडून ते मुंबईत आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. त्यांच्या घरी जमणाऱ्या तरुण चित्रकारांना त्यांनी रंगांचा मोकळा वापर दाखवला. तोवर आबालालांना जाऊन काही वर्षे झाली होती. त्यांना जे गवसले ते एकाच पाण्याकडे तीस-चाळीस वर्षे पाहून गवसले.

इथे एक फरक नोंदवायला हवा. मोने आपल्या लंडनच्या टेम्स नदीच्या चित्रांची मालिका घेऊन फ्रान्सला परतला, वर्षानुवर्षे त्यांवर हात फिरवत राहिला आणि १९०४ मध्ये त्यांतली ३७ चित्रे एकत्र मांडली. एकच नदी, तेच दोन पूल, तेच पार्लमेंट, आणि दर चित्रात वेगळे धुके. ती ओळीने लावली म्हणून लोकांना त्यातला विचार कळला. आबालालांच्या कोटितीर्थाच्या चित्रांना अशी भिंत त्यांच्या हयातीत मिळाली नाही. एकेक चित्र कोणाकोणाच्या घरी गेले. मालिका म्हणून ती कोणी पाहिलीच नाहीत.

६ मे १९२२ ला शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. वय ४७. त्यानंतर जे झाले ते कोल्हापुरात आजही हळहळून सांगितले जाते. आबालालांनी आपल्या चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे कोटितीर्थात सोडून दिले. किती होती त्याचे आकडे सांगणाऱ्यागणिक वाढतात, हजारांच्या पलीकडे जातात. नेमके किती, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कागदावरची चित्रे होती, पाण्याने ती ठेवली नाहीत.

या कृतीला फकिरी म्हणून तिचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. आबालालांची वृत्ती फकिराची होती हे खरेच. पैसा, मान, मुंबई, सगळे त्यांनी दूर ठेवले. पण मला यात दुःख अधिक दिसते. ज्याने ही चित्रे समजून घेतली तो गेला, आणि ती समजून घेणारी दुसरी कोणतीही व्यवस्था उभी नव्हती. कोल्हापुरात तेव्हा चित्रसंग्रहालय नव्हते. चित्रे विकत घेणारा वर्ग नव्हता. त्यांवर लिहिणारे टीकाकार नव्हते. राजा होता तोवर सगळे होते. एका माणसाच्या जिवावर चाललेली कलेची व्यवस्था त्या माणसाबरोबर बुडते, हे कोटितीर्थात दिसले. आज चित्रे जमवणाऱ्या संस्था आहेत, तरी जिल्ह्याच्या गावात बसून आयुष्यभर काम करणाऱ्या चित्रकाराची स्थिती फारशी वेगळी नाही.

आबालाल आणखी नऊ वर्षे जगले आणि डिसेंबर १९३१ मध्ये गेले.

त्यांनी शाळा काढली नाही, पण शाळा झाली. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवत वर आले. आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला आणि बोलपटाच्या आधीच्या त्या काळात छायाप्रकाशाची चित्रकाराची जाण पडद्यावर नेली. बाबूराव स्वतः उत्तम चित्रकार होते आणि आबालालांना मोठ्या मानाने पाहत. दत्तोबा दळवी, माधवराव बागल, रवींद्र मेस्त्री अशी पुढची नावे. उघड्यावर बसून, समोरची जागा जागेवरच रंगवायची ही कोल्हापूरची सवय या पिढ्यांनी टिकवली. आजही पंचगंगेच्या घाटावर सकाळी बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली कलाशाळेतली मुले दिसतात.

तेच बीज आपल्या मध्य प्रदेशात, माळव्यातही रुजले. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदूरला चित्रशाळा सुरू केली. होळकरांच्या या मराठी वळणाच्या शहरात त्यांनी मुलांना वर्गाबाहेर काढले आणि रस्त्यावर, झाडाखाली, नदीकाठी बसवले. इंदूरमध्येच १९१० मध्ये जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्यांचे विद्यार्थी. पंढरपूरला जन्मलेले आणि इंदूरला वाढलेले मकबूल फिदा हुसेनही याच शाळेत शिकले. बेंद्रे पुढे काश्मीरमध्ये राहून निसर्गचित्रे काढत होते, मग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले आणि १९५९ मध्ये तिथल्या ललितकला विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. त्यांच्या उत्तरायुष्यातल्या चित्रांत ठिपक्यांनी रंग मांडण्याची रीत आहे. देवळालीकरांच्या शाळेने जे साधले ते आबालालांच्या वाट्याला आले नाही. एक इमारत, एक अभ्यासक्रम, गुरू गेला तरी चालू राहणारा वर्ग. म्हणून बेंद्रे यांच्या चित्रांची तारीखवार नोंद आहे आणि आबालालांच्या चित्रांची हकीकत आहे.

पाण्यातून वाचलेली, लोकांच्या घरांतून जपलेली, हौशी मंडळींनी जमवलेली आबालालांची चित्रे थोडी आहेत. त्यांतली काही कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात आहेत. फ्लॉरेन्सच्या छत्रीचा आराखडा करणाऱ्या मँटनीच ही इमारत आखली, हे वर आलेच आहे. ब्रह्मपुरीचा पोसायडनही याच संग्रहातला.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातून कोल्हापूरला जाणारे बहुतेक अंबाबाईच्या दर्शनाला जातात. आधी नागपूर गाठायचे, तिथे गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची आणि दुसऱ्या दिवशी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरायचे, हा नेहमीचा प्रवास. दर्शन झाल्यावर रंकाळा पाहून भेळ खाऊन लोक परततात. पुढच्या खेपेला टाऊन हॉलसाठी एक तास काढून ठेवा. मुले बरोबर असतील तर त्यांना आबालालांच्या चित्रासमोर आधी अगदी जवळ उभे करा आणि मग चार पावले मागे घ्या.